जागल्या, पातळी पहिली

डुलुथमध्ये फेब्रुवारीत तळघर हीच खरी जमीन.
वर बर्फ, त्याच्यावर कालचा बर्फ,
आणि खाली भट्टीशेजारी आमचं टेबल,
एका पायाखाली बिअरच्या झाकणांची थप्पी,
आणि वीस पैलूंचा तो हिरवा फासा
जो एर्लिंगच्या हातात हमखास रुसतो.

एकोणीस वर्षं मी हा खेळ चालवते.
लढवय्या, चोर, मांत्रिक, वैद्य:
पुस्तकातल्या चार वर्गांशी माझं भांडण नव्हतं.
चोराला तेवढा एकदा हात लावला,
कारण काइंग म्हणाली,
कुलूप उघडता येणारा प्रत्येक जण चोर कसा?
तिचे वडील लाओसहून आल्यावर
बावीस वर्षं कुलपंच दुरुस्त करत होते.
मी चोर खोडलं, किल्लीवाली लिहिलं.
पाठीत सुरा खुपसायचा नाही, एवढं ठरलं.
एर्लिंग कुरकुरला, मग ही करणार काय, दारं उघडणार?
हो, काइंग म्हणाली. दारं उघडणार.

नोव्हेंबरपासून रॉयस येत नव्हता.
त्याचा वैद्य आम्ही गुहेच्या तोंडाशी
घोड्यांपाशी बसवून ठेवला,
गैरहजर माणसाचं करतात तसं.

जानेवारीच्या शेवटी आला. बूट काढले नाहीत.
हातात बटाट्याची हॉटडिश,
मार्वा गेल्यावर लोकांनी आणून दिलेली, नववी.
संपवा, म्हणाला, माझ्याच्यानं होत नाही.

पहिल्याच झटापटीत एर्लिंगचा लढवय्या पडला.
रॉयसची पाळी.
पुस्तक सांगतं, हात ठेव, फासा टाक,
दान पडेल तेवढी जखम भरेल.
त्यानं हात ठेवला. टेबलावर, स्वतःचा, खरा,
धक्क्यावर लोहखनिज मोजून मोजून
रेषांमध्ये तांबूस राहिलेला.
फासा उचललाच नाही.
व्हर्ना, म्हणाला, हे असं होत नसतं.

भट्टी सुरू झाली. बंद झाली.

त्या रात्री स्वयंपाकघरात मी कागद घेतला.
वर्ग. शाळेत मागच्या बाकावर बसवतो तो शब्द,
बंदरावर कुणी कुठल्या फाटकातून आत यायचं
ते ठरवतो तोच शब्द.
त्याच्यापुढे लिहिलं: जागल्या.

आयुष्य: सहा, अधिक जे काय उरलं असेल.
शस्त्र चालत नाही.
पहिल्या पातळीवर जखम भरत नाही,
पण जखमी माणूस एकटा नसतो.
(याला दान कितीचं? पुष्कळ विचार केला.
कितीचंच नाही. हे दर वेळी साधतं.)
तिसऱ्या पातळीवर चमच्यानं पाणी.
पाचव्या पातळीवर, कुणी झोपेत
दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली
तर ओ देता येते.
सातवीला लिहिलं,
मृत्यूला एक रात्र दारात थोपवता येतं.
खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं.
त्या पातळीशी कागदच पातळ झाला,
खालचा टेबलक्लॉथ दिसायला लागला.
तसाच सोडला.

गुरुवारी रॉयसनं तो कागद
मालाची पावती वाचावी तसा वाचला,
बोट ओळीखाली धरून.
आयुष्य सहा जास्त होतं, म्हणाला. चार कर.
मी चार केलं.
एर्लिंगनं गळ्यावरून वाकून पाहिलं,
हा वर्ग फार दुबळा आहे, समतोल जातो खेळाचा,
आणि मग आठवलं त्याला
की आपला लढवय्या गेल्या आठवड्यापासून
ओल्या दगडावर तसाच पडून आहे.

काइंगनं दार उघडलं. साधं दार, कुलूपही नव्हतं.
मी विचारलं, रॉयस, तू काय करतोस?

खुर्ची ओढतो, म्हणाला.

गुहेत खुर्ची कुठून आली
ते कुणी विचारलं नाही.
एर्लिंगनं मूठभर वेळ फासा हलवला,
मग खाली ठेवला, आणि पहिल्यांदाच
लढवय्याच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या आवाजात म्हणाला,
थंडी वाजतेय.