परिशिष्ट चार

जिल्ह्याच्या आराखड्यात आमच्या गावाला
अर्धं पान आलं आहे. ते मी भरलं,
तहसीलच्या आपत्ती कक्षात, म्हणजे
झेरॉक्स मशीनमागच्या टेबलावर.

सरपंच, तलाठी, पोलीस पाटील, आशा:
चार नंबर, त्यातले दोन नाल्यापलीकडे लागत नाहीत.
सुरक्षित जागा: शाळा. खोल्या तीन, तावदानं नाहीत.
वाऱ्याची दिशा:
तिथं मी टिंबंच ठेवली.

धोका काय, तर कोळसा धुण्याच्या कारखान्यात
पट्ट्यावरचा माल मोजायला
शिशाच्या पोटात ठेवलेला एक दाणा,
हरभऱ्याएवढा. त्याला वास नाही, धग नाही.
कारखाना बंद पडला
आणि भंगारवाला राखणदाराशी बोलला, तर.
या 'तर'पासून आराखडा सुरू होतो.

भोंगा वाजवावा, असं छापील कागद म्हणतो.
खाणीचा भोंगा इथं रोज तीनदा वाजतो,
त्यावर बाया वरण चढवतात.
चौथ्यांदा वाजला तर म्हणतील, घड्याळ बिघडलं.
म्हणून मी लिहिलं: दवंडी.
कोतवाल पुंजाराम, सायकल स्वतःची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रंगीत तालीम झाली.
पुंजाराम घसा ताणत गेला,
"ऐका हो! किरणं सुटली, खोटी खोटी!
दारं लावा, पाणी झाका, ढोरं आत घ्या,
खोटी असली तरी घ्या!"
नागपूरचं पथक फाटकावर अडलं,
कोळशाची मालगाडी, मग अजून एक.

दूषित व्यक्ती म्हणून कवडूला नेमलं होतं,
एका दिवसाच्या हजेरीवर.
निंबाखाली चुन्याची रेघ, रेघेच्या आत कवडू.
'स्पर्श करू नये,' ग्रामसेवकानं माइकवर वाचलं.
तासाभरानं कवडूनं पाणी मागितलं.
कोणी हललं नाही. कोणताच नियम
या गावानं इतका नीट पाळला नव्हता.
किंवा पाळला होता.

कवडू हसतच म्हणाला,
"माह्या आज्याले या रेघीची सवय होती.
तवा मोजाले यंत्र नोयतं लागत."
माइक चालूच होता.
मग ढोरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

दुर्पता आशाताई लोटा घेऊन रेघ ओलांडून गेली.
ग्रामसेवकानं वहीत लिहिलं: त्रुटी एक.

पथक आलं. त्यांच्या मॅडम हातमोजे चढवत म्हणाल्या,
त्रुटी कसली? जिवाचं आधी, मोजमाप नंतर.
वरचे कपडे काढून पिशवीत बांधा,
तिथंच बरंचसं जातं. उरलेलं साबणानं.
तोंड-हात पुसा आणि पाणी द्या की,
थांबलात कशाला?
कशाला, ते कोणी सांगितलं नाही.

"वारा कुठून आहे?" मॅडमनी विचारलं.
साहेबांच्या फोननं नागपूरचा वारा दाखवला.
सोमा आत्राम, ढोरं राखणारा, कुंपणापाशी उभा होता.
गाड्यांवरून निसटून बाभळीच्या काट्यांत अडकलेला
कापूस त्यानं चिमटीभर काढला
आणि सोडून दिला.
कापूस रेंगाळला, वळला
आणि सरळ शाळेकडे निघाला,
तीन खोल्यांकडे, जिथं आम्ही सगळं गाव
कोंबून बसवलं होतं.

रात्री मी शाळा खोडली. दुसरी जागा अजून सुचलेली नाही.
टिंबांवर लिहिलं: सोमा आत्राम, फोन नाही,
दहापर्यंत नाल्यावर, नंतर टेकाडामागे.
साहेब म्हणाले, हा रकाना दिशेचा आहे, माणसाचा नाही.
मी म्हटलं, राहू द्या.

कवडूच्या हजेरीचं बिल परत आलं.
शेरा होता: 'दूषित' या पदास दर मंजूर नाही.