अकरा महिन्यांची भिंत

ऐरोलीतल्या ह्या घराच्या करारात
कलम चौदा : भिंतीला भोक पाडू नये.
दत्ताची तसबीरसुद्धा आम्ही
फ्रिजवर टेकवून ठेवली आहे.

न्हाणीत शॉवर आहे, पण घरमालकाच्या उंचीचा.
स्टुलावर बसलेल्या माणसापर्यंत पोचता पोचता
निम्मं पाणी दाराला लागतं.
म्हणून नळीचा हातशॉवर आणला.
आणि आणल्यावर कळलं
की हातशॉवरला हात लागतो.
ह्यांच्याकडे आता कामाचा एकच,
तो साबणात गुंतलेला.

दुसरा हात मी झाले.
सात महिने, गाऊन गुडघ्याशी खोचून.
"डावीकडे." "गार आहे." "कानात गेलं."
बेलापूर रोडच्या कंपनीत
तीन पाळ्यांची माणसं लावणारे हे
माझ्याकडे पाठ करून बसायचे
आणि जे बोलायचं ते पाठीनंच.

दिघ्याच्या हार्डवेअरवाल्यानं काढून दिलं :
रबराची वाटी, वर खटका,
शॉवर अडकवायला पुढे खोबण.
दोनशे ऐंशी.
"सुटलं तर?" मी विचारलं.
"सुटायलाच पायजे ना मावशी,
भाड्याचं घर म्हणालात ना."

पहिल्याच रात्री अडीचला धाडकन पडलं.
मी धावले. अख्खी न्हाणी रिकामी,
बादलीत तेवढं ते उपडं.
मागून पलंगावरून आवाज आला,
"सरफेस साफ केला नव्हतास."
जिभेचा जडपणा होता, तरी
हाताखालच्या पोरांना झापायचे, तोच सूर.
सकाळी स्टुलावर बसून
स्वतःच पुसली टाइल. व्हिनेगर, मग कोरडं फडकं,
मग अंगठ्यानं दाबून धरलं शंभर आकडे होईपर्यंत.
मी मोजत होते. त्र्याण्णवला ते म्हणाले,
"चुकलीस, एक्क्याण्णव."

आता दार नुसतं लोटलेलं असतं. कडी नाही, हा आमचा करार.
मी बाहेर टॉवेल घेऊन.
आतून पाणी अंगावर पडल्याचा आवाज,
मग फरशीवर पडल्याचा, मग परत अंगावर.
माझा उजवा हात कोरडा.
पहिले काही दिवस त्याला कुठे ठेवावं कळेना,
उगाच मेथी निवडायला घेतली.
"झालं का?"
"अजून नाही."
चाळीस मिनिटं लागतात. लागू देत.
प्लास्टिकचा राग येतो कधी कधी,
हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

काल दुपारी हे झोपले असताना
मीच जाऊन बसले त्या स्टुलावर.
दोन्ही हात मांडीवर, मोकळे.
पाणी आपलं आपण खांद्यावर येत होतं,
कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.
इथून न्हाणी वेगळीच दिसते.
नळाच्या मागची काळपट रेघ,
दाराखालून येणारा उजेड,
समोर वाटीभोवती पुसलेलं गोल,
बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरं.
मे महिन्यात घर सोडताना
हे तेवढं राहील मागे.

किती वेळ बसले कोण जाणे.
बाहेर चौपायी काठीची टकटक,
दाराशी येऊन थांबली.
"झालं का?"