हजर

कुओपिओत नोव्हेंबरमध्ये तीन-साडेतीनलाच अंधारतं.
वाचनालयाच्या तळघरात इर्मेली वोउतिलाइनेन
बूट काढून, लोकरी मोजे हीटरला टेकवून
ताउनोनं लिहिलेला साचा उघडते.

नऊ ओळी. त्यात कुणाचंच नाव नाही.
नावाच्या जागी, किल्लीच्या जागी, घराच्या जागी
परीक्षेत असायच्या तशा गाळलेल्या जागा,
आणि उत्तरं दुसऱ्याच फायलीत, एकेका माणसापुढे.

"एकदाच लिहायचं," तो म्हणायचा,
"मग नुसतं सांगत जायचं, कोण."

त्या नऊ ओळींतून एकवीस खाती निघाली:
सिनिक्का, शिकाऊ अब्दिराहमान,
फिरत्या वाचनालयाची बस चालवणारा ओस्मो,
ज्याला अक्षरं मोठी लागतात
म्हणून त्याची एक जागा वेगळी भरलेली.
दोन मेर्वी आल्या तेव्हा यंत्र अडून बसलं,
एका नावाचे दोघे त्याला चालेनात;
दुसरीनं कुरकुरत आडनाव जोडून घेतलं.

बाकी कुणी काही सांगितलं नाही तरी भागतं.
शेवटच्या जागेत तो आधीच लिहून गेलाय:
स्थिती, न सांगितल्यास, हजर.

फायलीतलं पहिलं नाव त्याचंच. चाचणीपुरतं घातलेलं.

सप्टेंबरात तळ्यावर जाळं काढायला गेला.
नाव तेवढी परत आली.

इर्मेलीनं आज ती ओळ पुसली.
अर्ध्या तासानं यंत्रं आपली फेरी मारून आली
आणि सव्वीस शाखांत ताउनो होता तिथेच:
त्याचं घर, त्याची किल्ली, अर्धवट टिपा.

मग आठवलं, हेही त्यानंच शिकवलेलं.
उल्लेख थांबला म्हणून कुणी जात नाही.
यंत्राला गप्प बसण्याचा अर्थ लागत नाही;
जायचं असेल त्याचं नाव घेऊन सांगावं लागतं.

तिनं ओळ परत लिहिली. अख्खं नाव.
पुढे स्थिती. आणि त्या जागेत
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी काही भरलं:
गैरहजर.

वर अंगणात ओस्मोची बस खोकत खोकत सुरू झाली.
मोजा हीटरवर करपायला आला होता.

आता तो नसावा म्हणून
ही ओळ असू द्यावी लागणार.
दर अर्ध्या तासाला सव्वीस यंत्रं त्याचं नाव घेतील,
बघतील,
आणि पुढच्या नावाकडे वळतील.