लोकरीचा देठ

एकतीस वर्षं मी लेबलं लिहिली.
काळी शाई, बारीक टाक,
"कास पठार, जिल्हा सातारा, खडकावरचं पाणथळ",
आणि वर, जरा तिरप्या अक्षरात:
एरिओकॉलॉन.
अर्थ शोधावा असं कधी वाटलं नाही.
आडनावाचा अर्थ कोण विचारतो?

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा
कोशात सापडला.
एरिऑन म्हणजे लोकर, कॉलॉस म्हणजे देठ.
कॉलॉस तोच, जो लॅटिनातून फिरत फिरत
आपल्या मंडईत कॉलिफ्लॉवर होऊन उतरला
आणि आपण त्याचा देठ तोडून
नुसतं फ्लॉवर म्हणालो,
पाव किलो द्या म्हणालो.

मोठ्यानं वाचलं असणार मी,
कारण टेबलं पुसता पुसता ठकूबाई शिंगाडे थांबल्या.
माहेर म्हसवडच्या पलीकडं. बाप
मेंढरांमागं चालता चालता चाती फिरवायचा.
"लोकर म्हणालासा?"
हात पदराला पुसून त्यांनी
अठ्ठ्याऐंशी सालच्या कागदावरच्या गेंदावर
बोट ठेवलं, खालून वर नेलं,
नुकत्या कातरलेल्या पाठीवरून न्यावं तसं.
"हितं काय बी न्हाई. सुईवानी गुळगुळीत.
लोकर हाय ती डोसक्यावर."

भिंग लावलं. खरंच.
वर पांढरं बटण, पिंजलेलं,
खाली देठ उघडा.
पुस्तक म्हणतं, पहिलं बारसं झालं
ते समुद्रापलीकडच्या कुणाचं तरी.
त्याच्या पायाशी लव होती.
मग पाठच्या सगळ्या भावंडांना
तेच अंगडं, मापात बसो न बसो.

"मग बदला की."
बदलत नाहीत, म्हणालो,
पहिलं ठेवलं तेच धरतात, चुकलं तरी.
"ब्येस हाय त्येचं," म्हणाल्या.
"माझं पहिलं कुनी धरलं न्हाई."

कुठलं, ते सांगितलं नाही.
फडकं पिळून खिडकीबाहेर झटकलं.
पलीकडं यवतेश्वरावर ढग टेकलेला,
आणि त्याच्याही वर, पठारावर, आत्ता
हजारो पांढरी डोकी उघड्या पायांवर
ग्रीक न कळता उभी असतील.

लेबलावर "स्थानिक नाव" याच्यापुढं
मी गेंद लिहिलं.
टाक हातात तसाच.
खाली अजून एक ओळ कोरी होती,
आणि ठकूबाई बादली घेऊन
पुढच्या खोलीत गेल्या होत्या.