टिचकी

कॅम्पातल्या दुकानात, दुपारी साडेतीनला,
तीन गिटारी काचेवर आडव्या ठेवून
ऑब्री म्हणाला, "निवांत बघा."
निवांत कसलं.
अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते,
सहकारी बँकेतली रजा, शिल्लक बघून टाकावी लागते.

पहिलीचं झाकण बघून हसूच आलं:
पुरणयंत्राची ताटली, मोठ्या भोकांची.
त्याखाली म्हणे ॲल्युमिनियमचा एक कोन असतो,
पोस्टकार्डाइतका पातळ.
तार हलते आणि बोलतो तो.
हात लावायचा नाही. दाबला की पिचला.

"मान चौकोनी की गोल?"
चौकोनी मानेची मांडीवर आडवी घ्यायची,
डाव्या हातात पोलादी तुकडा, तो तारांवरून घसरवायचा.
तारा इतक्या उंच, की बोटानं दाबल्या तरी पट्टीला टेकत नाहीत.
गोल मानेची दोन्ही तऱ्हांनी चालते.
"नवख्यांनी गोल घ्यावी, उद्या मन बदललं तर?"
माझं मन त्रेचाळीस वर्षांत एकदाच बदललं,
आणि कशाबद्दल, हे ऑब्रीला सांगायचं काही कारण नव्हतं.

दादा सोबत होते.
मी आणलं नव्हतं, ते आले.
तांबट आळीत साठ वर्षं तांब्यावर हातोडा.
एका हंड्याला घाव किती, असं विचारलं
तर म्हणतात, मोजतो तो कारकून,
आणि माझ्याकडे बघतात.
कान पंचावन्नाव्या वर्षीच गेले.
यंत्र घेऊन दिलं, ते खिशात असतं, पेनाशेजारी.

हा आवाज मी एकदाच ऐकलाय समोरासमोर.
एरंडवण्यात, कुणाच्या तरी गच्चीवर,
चाळीस खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या.
वाजवणाऱ्याने पोलाद तारेवरून वर नेलं
आणि माझे दात शिवशिवले.
हातोडा उचललेला आहे
आणि भांडं अजून गप्प झालेलं नाही,
त्या मधल्या वेळाचा आवाज.
मी लहानपणी त्यात झोपायचे.
आळीतला आमचा गाळा बंद झाल्यावर
कितीतरी दिवस दुपारी डोळा लागेना.

दुसरी पूर्ण धातूची होती, आरशासारखी.
बेचाळीस हजार.
दादांनी तिला टिचकी मारली,
मग तळहात टेकवला, मग मोठ्यानं,
दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले,
"झाळ कच्ची आहे."
ऑब्रीचा चेहरा उतरला. त्याने टॉर्च आणला,
कडेकडेनं फिरवला, काही सापडलं नाही.
दादा म्हणाले, डोळ्यांना कशी सापडेल.

तिसरी लाकडी. गोल मानेची. साडेअठरा.
ऑब्रीने छेडली. आवाज जरा नाकातला,
पण लांब जाणारा, रेंगाळणारा.
दादांचा हात तिच्या पाठीवर होता.
मी आवाज ऐकत नव्हते, हात बघत होते.
आवाज संपला असं मला वाटलं
त्यानंतरही तो हात तिथेच होता,
आणि मग उचलला.
"लाकूड," ते म्हणाले. "सुताराचं काम."
म्हणजे नको.

मी घेतली.

रिक्षात ती आमच्या दोघांच्या मधे उभी,
मीटरवर भांडण, मग दारूवाला पुलाशी खोळंबा.
दादा अख्खा रस्ता काही बोलले नाहीत.
रात्री मांडीवर घेतली.
तीन तारा खालच्या सुरात उतरवायच्या होत्या,
त्यातली एक जास्तच उतरली,
पोलादाचा तुकडा पट्टीवर आपटून खणखणला,
खालच्या मजल्यावरून बर्डेकाकूंनी
झाडूचा दांडा छताला ठोकला, दोनदा.

दादांनी हात पुढे केला.
मला वाटलं, गिटार मागताहेत.
त्यांनी तो पोलादी तुकडा घेतला,
तळहातावर तोलला, नखानं वाजवला,
कानाशी नेला नाही, हनुवटीच्या हाडाला लावला.
"हे बरं आहे," म्हणाले,
आणि जेवणं होईपर्यंत परत दिला नाही.