कडून

पत्र एका पानाचं. खाली सही नाही,
संगणकीय पत्र, सहीची आवश्यकता नाही, एवढंच.
वर एक वाक्य: आपला दावा नाकारला जात आहे.
त्याखाली दुसरं: कळविण्यास खेद होतो.

एकतीस वर्षं बावड्याच्या शाळेत
मी प्रयोग शिकवले.
नवीन कर्मणीत, पोरांनो, कर्त्याला 'कडून' लागतं.
शिपायाकडून घंटा वाजवली जाते.
मग हा दावा कोणाकडून?
आणि खेद होतो, तो कोणाला?
लाल पेनानं दोन्हीकडं प्रश्नचिन्ह टाकलं.
सवय. दहापैकी तीन.

कारण दिलंय: खासगी वाहनाचा मालवाहतुकीसाठी वापर.
माल म्हणजे चटणी. बावीस किलो.

सर्व्हेअर लांबचा होता, पोरगेला.
त्याला कोण सांगणार
की मार्च सरता सरता आमच्याकडं
ब्याडगी आणि संकेश्वरीला ऊन दाखवून,
खोबरं, तीळ, कांदा भाजून
बायका लक्ष्मीपुरीच्या डंखावर नंबर लावतात,
आणि बावीस किलो म्हणजे चार घरांचं एक वर्ष.
माझं. रुकडीच्या नणंदेचं.
इचलकरंजीत धाकटीचं, तिच्याकडं खाणारी तोंडं जास्त.
आणि लेकीचं, जी फोनवर आधी चटणीचं विचारते,
मग माझं.

रुकडी फाट्याच्या अलीकडं, तिन्हीसांजेला,
हंगामातली शेवटची उसाची ट्रॉली.
मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.
मी ब्रेक दाबला.
हाही कर्मणीच, पण प्रधानकर्तृक:
क्रियापद कर्माच्या मागं गेलं
तरी केलं कोणी, ते लपत नाही.

डबे फुटले. काच, सीट, माझी साडी,
सगळं लाल.
हवालदार पळत आला, "आजी, हलू नका!"
आणि मग अकरा वेळा शिंकला.
मनगट मोडलेलं, तरी मी हसले.

गाडी उद्यमनगरात, इकबाल मुल्लाणीकडं.
"एक लाख चाळीस हजार, बाई. पैशाचं बघू नंतर.
पर गाडी हितं हाय तवर
माझी पोरं शिंकून शिंकून बेजार हुत्यात."

शेजारचे म्हणाले, सोडून द्या, कंपनीशी कोण भांडतंय.
एजंट फोन उचलत नाही.
मग आली शमिका नेजदार, आता वकील,
आठवीत व्याकरणात नापास, माझ्याच हातानं.
बोटं मोडत म्हणाली:
"बाई, आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहा.
नुसतं 'वापर' म्हणून चालत नाही,
पॉलिसीतली अट शब्दशः दाखवा म्हणावं, भाडं कोणी दिलं ते सांगा म्हणावं.
नाही ऐकलं तर विमा लोकपाल, पुण्याला.
तिथं फी नाही, वकीलही लागत नाही, म्हणजे मी नको.
तिथंही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे, आपल्या गावात.
तारखा सांभाळा, बाई. तारीख चुकली की संपलं."
तिला मी पास केलं, मनातल्या मनात.

पुरावा म्हणजे डंखवाल्याची पावती.
चटणी २२ किलो, कांडप, घरगुती.
'घरगुती' तेवढं पेन्सिलनं लिहिलंय,
पावतीची घडी पडलीय नेमकी त्याच शब्दावर.
टिकेल न टिकेल.
नणंद म्हणाली, मी येते साक्षीला, बरणी घेऊन येते.

रात्री लिहायला बसले. डावा हात प्लास्टरात.
मी, वत्सला बळवंत इंगवले, गाडी चालवत होते.
मी कोणाकडूनही भाडं घेतलं नाही.
दुसऱ्या वाक्यात आला शेवटी 'कडून',
आला तो माझ्याच पत्रात.

सकाळी मोठ्या पोस्टात.
काउंटरवरच्या मुलानं लिफाफा वजनाला ठेवला,
शिक्का उचलला, आणि शिंकला.
पावतीला अजून वास आहे.
"सॉरी हं, मॅडम."
मी म्हटलं, चालतंय.
या सगळ्यात सॉरी म्हणणारे तुम्ही पहिलेच.
नाव काय तुमचं?

त्यानं सांगितलं.