जाण्याचा वेग

टेबल नाही आमच्याकडं, शिलाई मशीनचं झाकण आहे.
त्यावर तीन कागद, आणि एकावर तांब्या ठेवलेला,
कारण पंखा लावला की सगळ्यात स्वस्त ते आधी उडतं.

पहिला: तीस एमबीपीएस, तीनशे नव्व्याण्णव,
खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'अधिक जीएसटी'.
दुसरा: शंभर, सातशे,
सहा महिन्यांचे एकदम भरले तर राऊटर फुकट.
तिसरा म्हणजे सिद्राम केबलवाल्याच्या पावतीची पाठ,
निळ्या पेननं: पन्नास. साडेतीनशे. बंद पडलं तर मी येतो.

नाना आकडे लावत बसले.
चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर,
वीसचं सूत, सोळाचं सूत, डोळे मिटून बोटांनी सांगायचे.
शंभर म्हणजे शंभर काय, म्हणाले.
मी म्हणाले, वेग.
कशाचा?

अशोक चौकातल्या आत्याकडं तीसवालं आहे.
संध्याकाळी तिची मालिका अर्ध्या रडण्यात थांबते,
तेवढ्यात एक भाकरी भाजून होते, म्हणाली, बरंच आहे.
शेजारच्या मेरगूंकडं शंभर.
रात्री दोनला मोजलं, अठ्ठ्याण्णव.
आठला, सगळी गल्ली घरी आल्यावर, एकतीस.
'नळासारखंच की,' अम्मा म्हणाली,
'वरच्या अंगाला मोटर लावली की आपल्याकडं नुसतं सूं.'
तरी 'अमर्याद, चोवीस तास' हे शब्द
चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात
तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

माझं काम टॉवेलांचे फोटो.
डाग पुसायचे, रंग नीट करायचा,
रात्री बाहेरच्या देशात गठ्ठा पाठवायचा, दोन जीबीचा.
मोबाईलवर ती पट्टी सरकते,
मी झोपते, उठते, ब्याऐंशीवर असते,
मग लिहून येतं: पुन्हा प्रयत्न करा.

शनिवारी शंभरवाल्यांचा महांतेश आला,
त्रेचाळीस डिग्रीत टाय लावून.
अम्मानं ताक दिलं. तो बोलला, बोलला.
नाना गप्प. मग:
'हा येण्याचा वेग झाला. जाण्याचा किती?'
'काका, तसं कुणी विचारत नाही.'
'धोटा इकडून शंभरनं गेला
आणि तिकडून दहानं आला,
तर कापड कसलं निघंल?'

महांतेशनं टाय सैल केला, ऑफिसला फोन लावला.
ऑफिस म्हणालं, विचारून सांगतो.
सिद्रामनं त्याच पावतीवर लिहिलं: जायला वीस. खोटं कशाला बोलू.
सोमवारी ऑफिसचा फोन: दोन्हीकडं सारखा.

मधले साडेतीनशे घरात कुठं सापडतात
ते नाना बोटांवर शोधत राहिले.
पेपर. दुपारचा चहा. गुडघ्याचं तेल.
तेल राहू द्या, मी म्हणाले. पेपर बंद झाला.
सिद्रामला सांगायला स्वतः गेले,
परत आले ते शेंगाचटणीची पुडी घेऊन.
काय बोलणं झालं, सांगितलं नाही.

जोडायला तौफिक आला. तार सोलली,
आत केसाएवढी काच.
नाना वाकून बसले. जन्म तुटके धागे सांधण्यात गेलेला,
ही गाठ कशी मारतात ते बघायचं होतं.
गाठ नव्हतीच.
डबीत ठिणगी पडली, दोन टोकं एक झाली.
त्यांनी बोट पुढं केलं.
'हात नको काका, काच आहे. आत गेली तर दिसायचीपण नाही.'

चाळीस वर्षं छातीत कापूस जात होता,
तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं, नको काका.
नाना हसले, खोकला येईपर्यंत.

हिरवा दिवा लागला. दोन जीबी, तीन मिनिटं.
मी हात मांडीवर ठेवून बसले.
आता काय करायचं?
'पाणी भर,' अम्मा म्हणाली. 'आलंय.'